प्रत्येक खिडकीत दिवा: थॉमस किंकेडची घरं समजून घेताना

1 जुलै 2025 रोजी अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्यानं, म्हणजे सीमा आणि स्थलांतराचा कारभार पाहणाऱ्या खात्यानं, समाजमाध्यमावर एक चित्र टाकलं. जुन्या वळणाचं टुमदार गाव, शाळेची मुलं, फडकणारा अमेरिकी झेंडा. चित्राचं नाव ‘मॉर्निंग प्लेज’ आणि चित्रकार थॉमस किंकेड. सोबत मायभूमीचं रक्षण करा, अशा अर्थाची एक ओळ होती. किंकेडला जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. त्याच्या कुटुंबानं चालवलेल्या फाउंडेशननं याचा जाहीर निषेध केला. चित्र परवानगीशिवाय वापरलं आहे आणि माणसामाणसांत फूट पाडण्यासाठी त्याचा वापर आम्हाला मान्य नाही, असं त्यांनी सांगितलं.

गावातल्या सकाळचं इतकं निरुपद्रवी चित्र, आणि त्यावरून एवढा वाद कशाला, असा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडणं साहजिक आहे. किंकेडचं नाव इथं फारसं कुणी ऐकलेलं नाही. चित्रं मात्र ओळखीची वाटतील. कॅलेंडरं, शुभेच्छापत्रं, चहाचे मग, जिगसॉ कोडी, कुठंना कुठं त्या धाटणीचं घर आपण पाहिलेलं असतं. गवताच्या नाहीतर कौलांच्या छपराचं, फुलांनी वेढलेलं, आणि खिडक्यांतून उजेड सांडणारं.

ताटलीतले पिवळे तुकडे

मी किंकेड पहिल्यांदा नीट पाहिला तो न्यू जर्सीत, माझ्या मावसबहिणीच्या जेवणाच्या टेबलावर. नाताळची सुट्टी होती, बाहेर बर्फ पडलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून हजार तुकड्यांचं कोडं मांडलं होतं. खोक्यावर दगडी घर. धुराड्यातून वर जाणारी धुराची रेघ, दारापर्यंत येणारी फरसबंद वाट, दुतर्फा फुलं, बाजूला ओढा. वेळ तिन्हीसांजेची. आणि घराच्या एकूण एक खिडक्या आतून उजळलेल्या.

“आधी पिवळे तुकडे वेगळे काढ,” ताई म्हणाली. “खिडक्या पटकन होतात. झाडीला मग बसू रडत.”

मी पिवळे तुकडे निवडून एका ताटलीत ठेवले आणि थबकले. ते मुळीच चमकत नव्हते. पिठल्यासारखा पिवळा रंग, कडेला जराशी नारिंगी झाक, बस्स. खोक्यावर झगमगणारी खिडकी ती हीच का, अशी शंका यावी इतके ते मलूल होते. मग चौकट जुळली, भोवती जांभळ्या-हिरव्या गर्द झाडीचे तुकडे एकेक करून बसू लागले, आणि तसतसा तोच पिठल्याचा पिवळा पेटत गेला. मी एक तुकडा उचलून परत ताटलीत टाकला. विझला. जागेवर बसवला. पेटला.

किंकेडची सगळी करामत त्या एका तुकड्यात आहे.

रंग तर उजेड देत नाही, मग खिडकी उजळते कशी?

रंगाच्या ट्यूबमध्ये दिवा नसतो. चित्रात सर्वांत उजळ असतो तो पांढरा रंग, आणि तोसुद्धा काय करतो, तर खोलीतला जो उजेड त्याच्यावर पडतो त्यातला बराचसा परत पाठवतो. त्यापलीकडे त्याची मजल नाही. मग चित्रकाराच्या हाती उरतं ते आजूबाजूचं सगळं खाली उतरवणं. भर दुपारी अंगणात लावलेली पणती कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवे गेलेल्या गल्लीत एकाच घरात इन्व्हर्टर चालू असला की तीच साधी बत्ती राजवाड्यासारखी दिसते. डोळा उजेड मोजत नाही, तुलना करतो.

दुसरी गोष्ट रंगांच्या जोडीची. निळे, जांभळे, गर्द हिरवे हे थंड रंग, आणि पिवळे, नारिंगी हे उबदार. थंडाच्या कुशीत उबदार ठेवला की तो अधिकच उबदार भासतो. किंकेडची संध्याकाळ म्हणूनच नेहमी निळसर-जांभळी असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती सहसा नजरेला जाणवत नाही. खऱ्या दिव्याभोवती, विशेषतः धुकं असलं तर, एक वलय असतं. मध्ये लख्ख, मग हळूहळू विरत जाणारं. आपल्या मेंदूला ते वलय म्हणजेच दिवा, असं शिकवलं गेलेलं आहे. चित्रकारानं पिवळ्या चौकोनाभोवती विरत जाणारी पिवळसर झाक दिली की मेंदू पुढचं काम स्वतः करतो. किंकेड ती झाक खिडकीबाहेरच्या फुलांवर टाकतो, ओल्या फरशीवर टाकतो, ओढ्याच्या पाण्यात टाकतो.

ही विद्या जुनी आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ते आठवेल. हातात दिवा घेतलेली तरुणी, दुसऱ्या हाताच्या आडोशाला धरलेली ज्योत, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा लालसर उजेड. हळदणकरांनी ते जलरंगात केलं आहे. जलरंगात उजेड कागदाच्या पांढऱ्यातूनच राखावा लागतो, एकदा गेला की गेला. कसब म्हणून पाहिलं तर किंकेड त्याच्या आसपासही जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हळदणकरांचा दिवा एक आहे, त्याचा उजेड कुठून कुठं जातो याचा हिशेब चोख आहे. किंकेडच्या चित्रात सूर्य मागे मावळत असतो, घर आतून उजळलेलं असतं, रस्त्यावर कंदील असतो आणि तरीही पुढची फुलं कुणीतरी टॉर्च मारल्यासारखी लख्ख असतात. असा उजेड जगात कुठंच पडत नाही. त्यामुळंच तो स्वप्नासारखा वाटतो.

कोण होता हा?

थॉमस किंकेड 1958 साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत जन्मला आणि प्लेसरव्हिल या डोंगराळ गावात वाढला. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आई सेक्रेटरीची नोकरी करून मुलांना वाढवत होती, पैशांची कायम ओढाताण. शाळेतून परतावं तर घर अंधारं आणि गार, कारण आई अजून कामावर. इतरांच्या खिडक्यांत दिवे लागलेले असत आणि आपल्या नाही, ही त्याची आठवण. पुढं शेकडो चित्रांत त्यानं जे दिवे लावले त्यांचं मूळ तिथं आहे, असं तो स्वतःच सांगत असे.

बर्कलीच्या विद्यापीठात दोन वर्षं काढून तो पॅसाडीनाच्या आर्ट सेंटर कॉलेजात गेला. मित्र जेम्स गर्नी याच्यासोबत देशभर भटकला, आणि दोघांनी मिळून रेखाटनावर एक पुस्तक लिहिलं. मग राल्फ बाक्शी यांच्या 1983 च्या ‘फायर अँड आइस’ या ॲनिमेशनपटाची पार्श्वचित्रं रंगवली. सिनेमाची पार्श्वचित्रं म्हणजे पात्रं येण्याआधीची रिकामी जागा. दरी, जंगल, आकाश आणि त्यातला उजेड. पात्रं मागाहून वेगळी काढून त्यावर ठेवली जातात. किंकेडच्या पुढच्या कॉटेजांकडं पाहताना मला ही नोकरी नेहमी आठवते. वाट आहे, दार आहे, दिवे आहेत, पण बहुतेक चित्रांत माणूस नाही. पात्र यायची जागा राखून ठेवलेली आहे, आणि ते पात्र म्हणजे चित्र पाहणारा.

या चित्रांत देव कुठं आहे?

1980 च्या सुमारास किंकेड श्रद्धावान ख्रिस्ती झाला, म्हणजे जन्मानं मिळालेला धर्म त्यानं मोठेपणी मनापासून पुन्हा स्वीकारला. मात्र त्याच्या बऱ्याचशा चित्रांत येशू दिसत नाही, संत दिसत नाहीत. क्वचित एखादा क्रूस, अधूनमधून एखादं चर्च. मग भाविक चित्र म्हणायचं ते कशाला?

एक तर खुणांमुळं. सहीजवळ तो एक छोटा मासा काढत असे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची ती खूण आहे. सोबत बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनाचा आकडा, 3:16. जगावर देवानं एवढी प्रीती केली की त्यानं आपला एकुलता एक पुत्र दिला, हे ते वचन. शिवाय चित्रात ठिकठिकाणी इंग्रजी ‘एन’ हे अक्षर लपवलेलं असे, बायको नॅनेट हिच्या नावाचं. घराच्या विटांत, झाडाच्या सालीत ते अक्षर शोधत बसणं हा घरोघरी खेळ झाला होता. चित्रांच्या नावांतही बायबल डोकावतं. ‘बिसाइड स्टिल वॉटर्स’ हे नाव तेविसाव्या स्तोत्रातलं. मेंढपाळ आपल्या मेंढराला संथ पाण्याकडं नेतो, ते पाणी.

पण खरी गोष्ट खुणांपेक्षा खोल आहे. ख्रिस्ती धर्मात ‘पतन’ ही मूळ कल्पना आहे. आदाम आणि हव्वा यांनी देवाची आज्ञा मोडली, त्यांना एदेन बागेतून जावं लागलं, आणि दुःख, कष्ट, मरण हे सारं तिथून सुरू झालं. किंकेडचं म्हणणं असं होतं की आपण पतनाआधीचं जग रंगवतो. हे एकदा लक्षात घेतलं की चित्रांतल्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. एकही फूल सुकलेलं का नाही, कुंपण मोडकं का नाही, वाटेवर चिखल का नाही. वसंत, शरद आणि हिवाळा अशी वेगवेगळी चित्रं आहेत, पण त्यातलं कुठलंच ऋतुमान माणसाला त्रास देत नाही. हा अमेरिकेचा भूतकाळ नाहीच मुळी. ही एदेनची बाग आहे, तिच्यात एक घर बांधून दिलं आहे इतकंच.

आक्षेपही इथंच येतो, आणि तो नास्तिकांनी नाही, ख्रिस्ती अभ्यासकांनीच घेतला. पतनच नसेल तर तारण, म्हणजे देवानं माणसाला पापातून सोडवणं, ते कशासाठी? जखमच दाखवायची नाही, मग वैद्याचं काय काम? तुलनेसाठी विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराचं ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ पाहावं. 1850 च्या दशकातलं. रात्र आहे, काटेरी मुकुट घातलेला येशू हातात कंदील घेऊन एका दारावर थाप मारतो आहे. दारावर तण माजलं आहे आणि बाहेरून कडी नाही. ते आतूनच उघडता येतं. इथं उजेड बाहेर उभा आहे आणि घर अंधारं आहे. किंकेडनं हे नेमकं उलटं केलं. बाहेर आपण उभे, आणि उजेड आत.

मला तो आक्षेप वजनदार वाटतो, पण पुरा पटत नाही. अंधाऱ्या घरात परतणाऱ्या मुलाला कंदील घेतलेल्या पाहुण्यापेक्षा आत कुणीतरी असणं जास्त हवं असतं.

स्मरणरंजन, पण कुणाच्या आठवणींचं?

इंग्रजीतल्या ‘नॉस्टॅल्जिया’ला आपण स्मरणरंजन म्हणतो. मूळ शब्दात मात्र रंजन अजिबात नाही. 1688 साली बाझेलच्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं तो बनवला. ग्रीक ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. परमुलखात गेलेल्या स्विस लोकांना गावाच्या आठवणीनं ताप यायचा, अन्न जायचं नाही, माणूस झिजायचा. त्या आजाराचं हे नाव. आपला हुरहूर हा शब्द त्याच्या जास्त जवळचा आहे.

आता अडचण अशी की किंकेडची चित्रं घेणाऱ्या लाखो अमेरिकनांपैकी किती जण गवती छपराच्या दगडी घरात वाढले होते? जवळजवळ कुणीच नाही. ती घरं मुळात इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातल्या वळणाची. म्हणजे न पाहिलेल्या घराची ही हुरहूर.

खुद्द इंग्लंडातही ही चित्रं ज्या घरांची, त्यांतल्या माणसांची गोष्ट निराळी होती. हेलन ॲलिंगहॅम ही चित्रकर्ती 1881 मध्ये सरे परगण्यात राहायला गेली आणि तिथल्या जुन्या कॉटेजांची जलरंगातली चित्रं करू लागली. शहरातले लोक ती उत्साहानं घेत. 1890 मध्ये जलरंगकारांच्या रॉयल सोसायटीनं तिला पूर्ण सभासदत्व दिलं, एका स्त्रीला मिळालेलं ते पहिलं. तिला घाई होती, कारण ती घरं पाडली जात होती नाहीतर नव्या पद्धतीची केली जात होती. तिची चित्रं गोड आहेत, पण तिनं ती घरासमोर बसून काढली आहेत. फाटकाशी लेकराला कडेवर घेतलेली बाई आहे, कौलं वाकलेली आहेत.

आणि आत? इंग्लंडात 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता. कर वाचवायला लोकांनी खिडक्या विटा लावून बुजवल्या. जुन्या इमारतींवर ते बुजवलेले चौकोन आजही दिसतात. मेणबत्त्यांवरही 1709 ते 1831 कर होता. गरीब घरांत लव्हाळ्याची सोललेली काडी चरबीत भिजवून जाळत. ती संपायच्या आत जेवण उरकायचं आणि झोपायचं. माळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्या खोल्यांत दिवे, आणि खोल्यांत कुणीच नाही, ही चैन त्या घरात राहणाऱ्याला कल्पनेतही परवडली नसती.

आपल्याला हे कळायला इंग्लंडला जायला नको. कोकणातल्या कौलारू घराचं चित्र मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात लागतं, तेव्हा त्यात पावसाळ्यात गळणारं छप्पर, मागीलदारची न्हाणी, रॉकेलच्या चिमणीची काजळी आणि विहिरीवरून पाणी ओढणारी आजी नसते. ते चित्र लावणारा खोटारडा असतो असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त आठवण आणि इच्छा यांत फरक आहे, आणि हे चित्र इच्छेचं आहे, हे ओळखता आलं पाहिजे. होमलँड सिक्युरिटी खात्याच्या त्या पोस्टनं नेमका हाच फरक पुसला. एका माणसाची घराची इच्छा घेतली, ती देशाचा खरा भूतकाळ म्हणून मांडली, आणि तो भूतकाळ कुणीतरी हिरावून नेतंय असं सुचवलं. फाउंडेशनला राग आला तो योग्यच होता.

हजारो भिंतींवर एकच चित्र कसं पोचतं?

किंकेड मूळ चित्र सहसा विकत नसे. विकल्या जात त्या प्रती. 1990 च्या सुमारास त्यानं एका उद्योजकाच्या भागीदारीत कंपनी उभी केली. ती मीडिया आर्ट्स ग्रुप या नावानं 1994 मध्ये शेअर बाजारात आली. मॉलमध्ये त्याच्या नावाच्या शेकडो गॅलऱ्या निघाल्या. ‘पेंटर ऑफ लाइट’, प्रकाशाचा चित्रकार, ही उपाधी त्यानं ट्रेडमार्क म्हणून नोंदवली. इंग्रज चित्रकार टर्नरला लोक आधीपासून त्याच नावानं ओळखत, ती गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या दर वीस घरांमागे एका घरात आमचं चित्र आहे, असा कंपनीचा दावा होता.

प्रतींची उतरंड होती. कागदावर छापलेली स्वस्त. कॅनव्हासवरची महाग. त्याहून महाग ती, जिच्यावर प्रशिक्षित कामगारानं खऱ्या रंगाचे थोडे ठिपके दिले आहेत. या कामगारांना ‘हायलायटर’ म्हणत. ते कुठं रंग लावत असतील? बरोबर, खिडक्यांवर आणि कंदिलांवर. सर्वांत वरच्या पायरीवरच्या प्रतीची किंमत हजारो डॉलरांत जाई. काही सह्यांच्या शाईत त्याचा डीएनए मिसळलेला असे, नकली माल ओळखता यावा म्हणून.

घरोघरी छापील चित्र पोचवणं ही काही नवी गोष्ट नाही, आणि वाईटही नाही. न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्ह्ज या छापखान्यानं एकोणिसाव्या शतकात बर्फातली घरं आणि सणाला माहेरी येणारी गाडी अशी हजारो चित्रं स्वस्तात विकली. आपल्याकडं राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवळात ज्यांना पाऊल टाकू दिलं जात नव्हतं त्यांच्या झोपडीतही मग लक्ष्मी आणि सरस्वती छापील रूपात पोचल्या. त्या कागदाला लोकांनी हळदकुंकू वाहिलं. तो कागद पुढंमागं विकून पैसे होतील, असं मात्र कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

किंकेडच्या धंद्यात ते सांगितलं गेलं, आणि घोटाळा तिथं झाला.

क्रमांक घातलेली प्रत म्हणजे गुंतवणूक का?

‘लिमिटेड एडिशन’ म्हणजे ठरावीक संख्येइतक्याच प्रती छापायच्या, प्रत्येकीवर क्रमांक घालायचा, आणि मग थांबायचं. प्रती कमी असतील आणि मागणी जास्त, तर भाव वाढतो. पण हजार लग्नपत्रिका छापून प्रत्येकीवर एक ते हजार आकडे घातले म्हणून पत्रिका दुर्मीळ होत नाही. एकाच चित्राच्या वेगवेगळ्या आकारांतल्या आणि वेगवेगळ्या दर्जांच्या प्रती मोजल्या तर आकडा हजारांच्या घरात जाई. शिवाय तेच चित्र मगवर, उशीवर, कॅलेंडरवर. अशी वस्तू पन्नास वर्षांनी कोण जास्त पैसे देऊन घेणार?

अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून गॅलऱ्या काढल्या होत्या. पुढं त्यांतल्या काहींनी कंपनीविरुद्ध तक्रारी केल्या. आम्हाला ठरावीक किमतीखाली विकायला बंदी होती आणि तोच माल दुसरीकडं सवलतीच्या दुकानांत मिळत होता, ही एक तक्रार. श्रद्धेचा हवाला देऊन आमचा विश्वास मिळवला, ही दुसरी. 2006 मध्ये व्हर्जिनियातल्या अशा दोन गॅलरीमालकांना लवादानं 8 लाख 60 हजार डॉलरची भरपाई मंजूर केली. जून 2010 मध्ये किंकेडच्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

चित्रं आणि हा व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण गॅलरीमालकानं पैसे घातले ते त्या खिडक्यांकडं पाहूनच. ज्याच्या चित्रात इतका निवारा आहे तो आपल्याला उघड्यावर टाकणार नाही, असं त्याला वाटलं असणार.

लोकांना आवडतं ना, मग समीक्षकांचं काय बिघडलं?

अशा चित्रांना समीक्षक ‘किच’ म्हणतात. शब्द जर्मन. भावना तयार करून, शिजवून, मऊ करून ताटात वाढणारी कला, असा त्याचा ढोबळ अर्थ. अमेरिकी समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यानं 1939 मध्ये मांडलं की खरी कला पाहणाऱ्याला काम करायला लावते आणि किच ते काम त्याच्या वतीनं आधीच उरकून टाकतं. आपल्या भाषेत, गुरगुट्या भात. चावायची गरज नाही, तूप घालून गिळायचा.

मला हा दृष्टांत आवडतो, कारण तो दोन्हीकडून खरा आहे. किंकेडच्या चित्रासमोर तुम्ही पाच मिनिटं उभे राहा, पहिल्या पाच सेकंदांत जे मिळालं त्यापेक्षा जास्त काही मिळत नाही. हळदणकरांच्या चित्रासमोर मिळतं. हा फरक खरा आहे आणि तो सांगितला पाहिजे. पण गुरगुट्या भाताला नावं ठेवणाऱ्यानं कधीतरी आजारी पडून पाहावं. बाळंतिणीच्या खोलीत, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, नुकताच नवरा गेलेल्या बाईच्या भिंतीवर जे चित्र लागतं, त्याच्याकडून तिला कोडं नको असतं. समीक्षकांची चूक चित्र कच्चं म्हणण्यात नव्हती. ते लावणारी माणसंही कच्ची, असं त्यांनी धरलं तिथं ती झाली. एका नामवंत लेखिकेला तर त्या खिडक्या पाहून घराला आतून आग लागल्यासारखं वाटलं. निरीक्षण अचूक आहे. पण ज्यांना तिथं चूल दिसली त्यांचे डोळे काही अधू नव्हते.

काहींनी गंभीरपणे पाहिलंही. 2004 मध्ये जेफ्री व्हॅलन्स या कलावंतानं कॅलिफोर्नियात सांता ॲना इथं किंकेडचं मोठं प्रदर्शन मांडलं, मूळ चित्रांसोबत त्याच्या वस्तूंसकट. हे सगळं मिळून एक काय आहे ते पाहा तरी, असा त्यामागचा आग्रह होता.

बंद खोलीतली चित्रं

किंकेड 6 एप्रिल 2012 रोजी गेला. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. वय 54. दारू आणि व्हॅलियम या मन शांत करणाऱ्या औषधाच्या गोळ्या एकत्र गेल्यानं झालेला अपघाती मृत्यू, असं शवचिकित्सेतून निघालं. शेवटची काही वर्षं तो पिण्याशी झगडत होता आणि बायको वेगळी राहत होती.

मागं राहिलेल्या साठ्यात कधीच बाहेर न आलेली कितीतरी चित्रं निघाली. 2023 च्या ‘आर्ट फॉर एव्हरीबडी’ या मिरांडा युसुफ यांच्या माहितीपटात त्याच्या मुली ती दाखवतात. काळवंडलेली, अस्वस्थ, माणसांचे चेहरे असलेली. म्हणजे अंधार त्याला रंगवता येत नव्हता असं नाही. तो विकायला काढायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं, किंवा त्याच्या धंद्यानं त्याच्यासाठी ठरवलं होतं. ती चित्रं पाहिल्यावर कॉटेजं मला जास्त कळली. ताटलीतला पिवळा तुकडा एकटा असताना मलूल दिसतो तो यामुळंच. त्याच्या भोवतीचे काळे तुकडे त्यानं आपल्यापाशी ठेवून घेतले होते.

ताईनं ते कोडं पुरं झाल्यावर मागून डिंक लावून, चौकट करून जिन्याजवळ टांगलं. मला ते जरा जास्तच गोड वाटलं आणि मी तसं बोलूनही गेले. ती हसली नाही. म्हणाली, “आम्ही इथं आलो तेव्हा याची रात्रपाळी होती आणि मी दिवसभर दुकानात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो इथं. पोरगी शाळेच्या बसमधून उतरून एकटी घरात यायची. मी सकाळी निघताना सगळ्या खोल्यांतले दिवे चालू ठेवून जायचे. अगदी माळ्यावरचा पण. बिल यायचं ते यायचं.”

मग तिनं चौकट जरा डावीकडं सरकवून सरळ केली.